पास्त्याचा सॉस फाटतो, आंबट होतो, गोळा होतो? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला आमच्याकडं भाचरं जमतात. दोन दिवस धपाटे-दही आवडीनं खातात आणि तिसऱ्या दिवशी पास्ता मागतात, तोही टमाट्याचा, मलईदार. क्रीमचं पाकीट फोडून केला तर सहसा बिघडत नाही. पण ४२ अंशांच्या दुपारी तो पोटात जड बसतो, पोरं खाऊन नुसती लोळत पडतात. म्हणून मागच्या वर्षी मी क्रीम टाळलं आणि टमाट्याच्या उकळत्या सॉसमध्ये फ्रिजमधलं गार दूध ओतलं. दोन मिनिटांत कढईत पनीरासारखे कण आणि वर पिवळं पाणी.

"वहिनी, फाटलं की हे!" नणंद म्हणाली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कढीला पीठ लावल्याबिगर कधी चुलीवर चढवतीस का?"

हलक्या पास्त्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीचं उत्तर त्यांच्या या प्रश्नात होतं. कढी ज्याला जमते त्याला हा सॉस जमायलाच हवा, कारण दोन्हीकडं काम एकच आहे: आंबट आणि दुधाचं यांना आचेवर एकत्र नांदवायचं.

दूध नेमकं का फाटतं

दुधाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.७ असतो, टमाट्याचा ४.३ ते ४.६ च्या घरात. सामू ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून गोळा होतं. त्यात उकळी असेल तर हे काम झटक्यात होतं. क्रीम फाटत नाही, कारण त्यात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिन त्या मानानं कमी. नेहमीच्या फ्रेश क्रीमच्या पाकिटावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो. २०० मिलीचं अख्खं पाकीट ओतलं की सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांश कढईत गेला. टोन्ड दुधात हेच प्रमाण ३ टक्के. जिभेला आणि पोटाला जाणवतो तो हा फरक. पण दूध जितकं पातळ, तितकं ते लवकर फाटतं, म्हणून त्याला पिठाचा आधार लागतो. आच लागली की पिठातला स्टार्च फुगतो, प्रथिनाच्या कणांमध्ये शिरून बसतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कढीतलं बेसन हेच करतं.

पास्त्याला बेसनाचा वास नको, म्हणून मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घ्या. चौघांसाठी एक चमचा तेलात सपाट मोठा चमचाभर मैदा मंद आचेवर परतायचा. रंग बदलू द्यायचा नाही. मग त्यात एक कप दूध थोडं थोडं घालत घोटायचं. हा पांढरा सॉस दाट झाला की टमाट्याचा सॉस त्यात पळीपळीनं मिसळायचा. दुधात टमाटे घालायचे, उकळत्या टमाट्यात दूध नाही. मिसळल्यावर उकळी आणायची नाही, नुसतं गरम ठेवायचं.

मला स्वतःला याहून चक्का जास्त आवडतो. अर्धा लिटर टोन्ड दुधाचं दही फडक्यात बांधून तीन-चार तास ठेवलं की वाटीभर चक्का मिळतो. सॉसला त्याच्याइतकी गुळगुळीत चव दुसऱ्या कशानं येत नाही. अर्ध्या लिटर दुधातला सगळा स्निग्धांश धरला तरी तो १५ ग्रॅमच्या आसपास. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात फडकं खिडकीत टांगू नका. दुपारपर्यंत दही इतकं आंबतं की त्यावर टमाट्याची आंबट चव सोसवत नाही. गाळणीत फडकं घालून, खाली भांडं ठेवून, फ्रिजमध्येच निथळू द्या. मग चक्क्यात चहाचा एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून घोटा. त्यात दोन-तीन पळ्या गरम सॉस मिसळून चक्का कोमट करून घ्या, गॅस अगदी बारीक करा आणि मग तो कढईत सोडा. हलक्या हातानं ढवळत मिनिट-दोन मिनिटं ठेवलं की पुरे. बुडबुडे यायच्या आत गॅस बंद. फ्रिजमधला गार चक्का थेट टाकणं आणि टाकल्यावर गप्पांत आच विसरणं, यातच बहुतेकांचा सॉस बिघडतो.

तरी फाटलाच तर कढई लगेच खाली घ्या. चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला, हँड ब्लेंडर फिरवा आणि पुन्हा मंद आचेवर फक्त दाट होऊ द्या. कण पूर्ण नाहीसे होत नाहीत, पण जिभेला खुपत नाहीत. मिक्सर वापरणार असाल तर सॉस आधी गार करा. गरम सॉसची वाफ झाकण उडवते आणि हात भाजतो.

आंबटपणा साखरेनं झाकू नका

गावरान टमाटे पातळ सालीचे, रसाळ आणि आंबट असतात. हायब्रीड टमाट्याला गर जास्त, पण चव मवाळ. मी अर्धा किलोत दोन्ही निम्मे-निम्मे घेते. साल काढायचीच. खाली फुलीची चीर देऊन मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकले की ती हातानं निघते. साल राहिली तर मलईदार सॉसमध्ये तिच्या गुंडाळ्या दाताखाली येतात. बियांभोवतीचा चिकट गर मात्र टाकू नका, टमाट्याची बरीचशी चव त्यातच आहे.

घाई होते ती परतण्यात. कच्ची प्युरी पाच मिनिटं उकळली म्हणजे टमाटे शिजले असं नाही. चौघांसाठी दोन मोठे चमचे तेल पुरतं. आमच्या घरात अजून करडईचं तेल असतं, त्याची चव टमाट्याला शोभते. तेलात लसणाच्या पाच-सहा पाकळ्या आणि एक कांदा मऊ होईपर्यंत परता, मग टमाटे घालून १५ ते २० मिनिटं, कडेनं तेल सुटेपर्यंत शिजवा. इथं पाणी राहिलं की पुढं सॉस पातळ होतो, मग लोक क्रीम आणि चीजनं तो दाट करायला जातात आणि हलकेपणा तिथंच संपतो.

इतकं करूनही आंबट लागला तर गूळ किंवा साखर आधी सुचते, पण जास्त झाली की सॉस केचपसारखा लागतो. चिमूटभर खायचा सोडा आंबटपणाच कमी करतो. सोडा टाकल्यावर फेस येतो, तो बसू द्या. चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आणि तो चक्का घालायच्या आधीच टाकायचा. याहून चांगला उपाय म्हणजे लाल भोपळा. त्याच्या चार-पाच फोडी टमाट्यांबरोबरच शिजवून वाटा. आंबटपणा मवाळ होतो, रंग राहतो, सॉसला अंग येतं आणि चक्का निम्मा लागतो. खाणाऱ्याला भोपळा ओळखू येत नाही. भोपळा बघून तोंड फिरवणाऱ्या माझ्या भाच्यानं दोनदा मागून घेतला.

पास्ता आणि त्याचं पाणी

पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलं आहे का ते वाचून घ्या. मैद्याचा पास्ता लवकर लिबलिबीत होतो आणि सॉसचा लगदा करतो. चौघांना २५० ग्रॅम पुरतो, जोडीला वाफवलेल्या भाज्या घाला.

१०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी हे इटलीतलं प्रमाण. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात अडीच लिटर पाणी उकळून मोरीत ओतायला माझा हात धजत नाही. तशी गरजही नाही. २५० ग्रॅमला दीड लिटर पुरतं, फक्त पहिली तीन-चार मिनिटं सतत ढवळायचं. उलट कमी पाण्यात स्टार्च दाट उतरतो आणि असं पाणी सॉसला फार कामाचं. तेल आणि पाणी एकजीव होऊन मलईसारखी चकाकी येते ती याच पाण्यानं. पास्ता गाळायच्या आधी दोन वाट्या बाजूला काढून ठेवा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर मीठ बेतानं टाका, कारण तेच पाणी सॉसमध्ये जाणार आहे.

उकळत्या पाण्यात तेल घालायची गरज नाही आणि गाळलेला पास्ता नळाखाली धुवायचा तर मुळीच नाही. दोन्हींमुळं सॉस पास्त्याला धरत नाही, ताटात वेगळा पडतो. पाकिटावरच्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी पास्ता काढा, उरलेला तो सॉसमध्ये शिजतो. त्यासाठी तो चक्क्याच्या आधी, टमाट्याच्या सॉसमध्ये घाला. वाटीभर पास्त्याचं पाणी घालून मोठ्या आचेवर परता, मग आच कमी करून चक्का. पांढऱ्या सॉसचा करत असाल तर पास्ता टमाट्यात पूर्ण शिजवून शेवटी तो त्या सॉसमध्ये सोडा. चीज हवंच असेल तर चौघांत एक क्यूब, गॅस बंद केल्यावर किसून. ऑरेगॅनो तळहातावर चुरडून चिमूटभर, वर थोडी कोथिंबीर. आमच्या बाजारात कास्तीची कोथिंबीर मिळते, तिच्या वासापुढं मला पाकिटातला मसाला लागत नाही.

पाहुण्यांना उशीर झाला तर पास्ता सॉस पीत राहतो आणि गोळा होतो. राखलेलं पाणी गरम करून पळीभर घाला आणि हलवा, तो पुन्हा सुटा होतो. थेट आचेवर मात्र ठेवू नका, चक्का फुटेल.

शाळेच्या डब्यात द्यायचा असेल तर चक्क्याचा करू नका, उन्हात दुपारपर्यंत तो आंबतो. डब्याला भोपळ्याचा सॉस बरा, दूध-दही काहीही न घालता, आणि नेहमीपेक्षा दोन पळ्या पातळ.