घरातली उपकरणं पंधरा वर्षं चालावीत म्हणून : खरेदीआधी काय बघावं

वॉशिंग मशीन, एसी, पंखा, मिक्सर घ्यायचा झाला की आपण आधी दुकानात जातो किंवा मोबाइलवर रेटिंग चाळतो. मी आधी मेकॅनिककडे जायला सांगेन. दुकानदाराला वस्तू नवीन असतानाची माहिती असते, तर सहाव्या वर्षी तिचं काय होतं हे रोज मशीन उघडणाऱ्याला ठाऊक असतं. आपल्या भागातल्या दोन मेकॅनिकना तीनच प्रश्न विचारा : सध्या कोणत्या कंपनीच्या मशीन जास्त येतात, त्यांचं नेमकं काय जातं, आणि तो पार्ट इथे मिळायला किती दिवस लागतात? तिसऱ्या उत्तराला सगळ्यात जास्त वजन द्या. प्रत्येक वस्तू कधीतरी बिघडतेच. ती भंगारात जाते ती मात्र पार्ट मिळत नाही, किंवा पार्टची किंमत ऐकून नवीच घ्यावीशी वाटते, तेव्हा. पुण्यात दोन दिवसांत मिळणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तालुक्याच्या गावी तीन आठवड्यांनी येत असेल, तर तुमच्यासाठी ती कंपनी वेगळीच ठरते.

मग आपलं घर बघा. बोअरचं पाणी असेल आणि नळांवर पांढरे थर चढत असतील, तर वॉशिंग मशीन आणि गीझर या दोन्हींचं आयुष्य त्या क्षारांवर ठरणार आहे. घर रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ असेल तर एसी निवडताना बाहेरच्या युनिटची कॉइल (गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी) तांब्याची आहे का आणि तिच्यावर गंजरोधक लेप आहे का, हे विचाराच. खाऱ्या हवेने कॉइल गळते, गॅस जातो. तांब्याच्या नळीला जोड मारणारा माणूस बहुतेक गावांत सापडतो. ॲल्युमिनियमची कॉइल गळली की ती बहुधा पूर्णच बदलावी लागते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर एसी किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो ते बहुधा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं, ते वाचा. आणि अर्थिंग! इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ते नीट नसेल तर आधी त्यावर खर्च करा, वस्तू नंतर घ्या.

आता वस्तू उघडली तर कशी उघडते, हे विचारायची वेळ. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचं उदाहरण घेऊ. आतला स्टीलचा ड्रम बेअरिंगवर फिरतो, आणि बेअरिंगपुढे रबरी सील असतं. काही वर्षांनी सील झिजतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ते गंजतं आणि पिळताना मशीन घरघरू लागतं. बेअरिंग आणि सील मिळून फार महागाचं काम नाही. पण ते बदलायला बाहेरचा प्लॅस्टिकचा टब उघडावा लागतो. काही मशीनमध्ये टबाचे दोन भाग स्क्रूने जोडलेले असतात. ते खोलून काम होतं. काहींमध्ये दोन्ही भाग वितळवून कायमचे चिकटवलेले असतात. तिथे सर्व्हिस सेंटर अख्खा टब बदलायला सांगतं, आणि तो खर्च ऐकून लोक मशीनच बदलतात. ‘टब स्क्रूचा आहे की सीलबंद?’ हा प्रश्न दुकानात बहुतेकांना नवा असेल. उत्तर मेकॅनिककडून मिळवा. माझ्या मते वायफाय, वाफ आणि वीस प्रोग्राम यांपेक्षा हा एक मुद्दा मोठा आहे.

पंख्याचंही असंच. जुना साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणाऱ्या मोटरचा) 30 ते 35. दिवसाला बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला चौदा ते सोळा युनिट वाचतात, म्हणून हॉल आणि झोपायच्या खोलीत बीएलडीसी घ्यावा. पण साध्या पंख्याचा कंडेन्सर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तर बीएलडीसीचा बोर्ड त्याच कंपनीचा लागतो. बोर्डची वॉरंटी किती आणि नंतर तो केवढ्याला पडतो, हे विचारून मगच पैसे द्या. कधीमधी वापरायच्या खोलीत साधा पंखा पुरे. मिक्सरमध्ये कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) आणि मोटरमधले कार्बन ब्रश सुटे मिळतात ना, एवढं बघा.

वॉरंटीचा मोठा आकडा वाचून भुलू नका. ‘दहा वर्षं वॉरंटी’ बहुतेकदा फक्त कंप्रेसरची किंवा मोटरची असते. बोर्ड, कॉइल, गॅस भरणं, मेकॅनिकची फेरी, वाहतूक यांतलं काय धरलं आहे ते वॉरंटी कार्डावर वाचा. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरच्या आधी बोर्ड उडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे बोर्डवर पाच वर्षं देणारी कंपनी मी आधी निवडेन.

खुणा तपासायला दोन मिनिटं लागतात. गीझर आणि इस्त्रीवर आयएसआय चिन्ह हवं. अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक, एलईडी दिव्यांवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक आणि हा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून खरे आहेत का बघता येतात. स्टार लेबलवर वर्ष असतं, तेही वाचा. निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच स्टार आजच्या मोजमापात कमी भरू शकतात. स्टार विजेचा हिशोब सांगतात, टिकाऊपणाचा नाही.

दसरा-पाडव्याला घ्यायचं असेल तर मॉडेल महिनाभर आधी नक्की करा. गर्दीत सेल्समन गोदामात पडून असलेलं पुढे करतो. मशीन घरी आलं की खोका उघडताना व्हिडिओ काढा, अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा, जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या मागे, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट काढल्याशिवाय ते चालू करू देऊ नका. तक्रार ऐकून घेतली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि त्या वेळी बिल हाताशी हवं. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. त्याच दिवशी फोटो काढून स्वतःलाच मेल करा.