सोसायटीच्या गच्चीवर सोलर लावताय? आधी गच्ची नीट बघा

सोलरचा विषय मीटिंगमध्ये निघाला की पहिला प्रश्न 'कितीला पडेल' आणि मग तीन व्हेंडरची कोटेशन येतात, वाद होतात, विषय पुढच्या एजीएमवर ढकलला जातो. खरं सांगू का, पॅनल कोणीही लावून देईल, मुंबईत अडतं ते गच्चीपाशी. आणि लावायला तर हवंच, खोपोलीहून टाटांची पाण्यावरची वीज मुंबईला १९१५ पासून मिळतेय पण उपनगरांना वीज देणारं डहाणूचं ५०० मेगावॅटचं स्टेशन आजही कोळशावरच चालतं.

तर आधी कॉमन मीटरची १२ महिन्यांची बिलं काढा, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे याचं मीटर. रुपये नको, युनिट बघा. १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. म्हणजे महिन्याला १२०० युनिट जात असतील तर १० किलोवॅट, आणि त्याला बिनसावलीची अंदाजे हजार स्क्वेअर फूट जागा. बिलावर सँक्शन्ड लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला भार) लिहिलेला असतो, सिस्टीम त्याच्यावर जात असेल तर आधी लोड वाढवून घ्यावा लागेल.

आता गच्ची. डिसेंबरात सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता वर जाऊन सावल्यांचे फोटो काढा, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम यांची सावली लांब पडते. शेजारचा टॉवर उत्तरेला असेल तर निवांत रहा, दक्षिणेला असेल तर डोकेदुखी. पॅनल एका माळेत जोडलेले असतात त्यामुळे एकावर सावली आली तरी बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं, टाळता येतच नसेल तर व्हेंडरला ऑप्टिमायझरचं विचारा, म्हणजे एका पॅनलच्या सावलीचा फटका बाकीच्यांना कमी बसावा म्हणून लावतात तो डबा.

गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, सोलर नंतर. उलटं केलंत तर पुढच्या पावसाळ्यात सगळं स्ट्रक्चर उचलावं लागेल आणि टॉप फ्लोअरवाले काका तुम्हाला जिन्यात गाठतील ते वेगळंच 😅 स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, सिमेंटच्या ब्लॉकवर स्ट्रक्चर उभं करायला सांगा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती वजन आणि वारा पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या, एकेक पॅनल २५ किलोच्या आसपास असतं. व्हेंडर 'होऊन जाईल साहेब' म्हणतोच, त्यावर जाऊ नका. खारी हवा सगळं खाते, म्हणून कोटेशनमध्ये हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेलं) स्ट्रक्चर आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट हे शब्द लिहिलेले हवेत.

कागदपत्रं तशी सरळ आहेत. जनरल बॉडीचा ठराव, पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या सबसिडी योजनेच्या पोर्टलवर अर्ज, मग तुमची जी वीज कंपनी असेल (बेस्ट, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपला महावितरण) तिची मंजुरी आणि शेवटी नेट मीटर. दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि बिलात वळती होते. सबसिडीत लोक हमखास गोंधळतात, ७८,००० चा आकडा एकट्या घरासाठी आहे, सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० मिळतात, म्हणजे १० किलोवॅटला १ लाख ८० हजार. पॅनल मात्र भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, व्हेंडर डीसीआर म्हणतात ते. स्वस्तात दुसरे घेतले तर सबसिडी विसरा.

अजून एक, मीटिंगमध्ये आधीच सांगून टाका. लाईट गेली की सोलरही बंद होतं, भर उन्हात सुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज आपल्या वापराच्या विजेत बदलणारं यंत्र) स्वतःच बंद पडतो. बॅटरीवाली सिस्टीम घेतली तर चालेल पण खर्च बराच वाढतो, मुंबईत लाईट जाते किती, मला तरी गरज वाटत नाही.

आणि कबुतरं! त्यांची घाण पॅनलवर वाळली की उत्पादन खाली येतं, म्हणून पॅनलजवळ पाण्याचा नळ आणि साफ करणाऱ्याला उभं रहायला जागा डिझाईनमध्येच मागा. धुवायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, आणि हे काम महिन्यातून किती वेळा आणि कोण करणार ते एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) लिहून घ्या, नाहीतर ते वॉचमनच्या गळ्यात पडतं आणि तो बिचारा वर्षातून एकदा दसऱ्याला करतो.