जुन्या कन्सोलवर ‘फायनल फँटसी’ खेळण्यापूर्वी आणि खेळताना

ठाण्यात ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आणि त्याच्या ‘कॅसेट’ आठवत असतील. ‘फायनल फँटसी’ हा चार योद्ध्यांच्या मोहिमेचा खेळ १९८७ साली जपानमध्ये निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी) आणि १९९० साली अमेरिकेत त्याच्याच एनईएस या आवृत्तीसाठी आला. तो एका बैठकीत संपत नाही. झालेली वाटचाल कॅसेटमध्येच साठवावी लागते, म्हणून आधी यंत्र नीट असावे लागते.

अमेरिकेतून आणलेल्या कन्सोलचा अ‍ॅडाप्टर १२० व्होल्टसाठी असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये, मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारण्याची आपली जुनी सवयही सोडून द्यावी, कारण श्वासातला ओलावा धातूच्या पट्ट्यांवर बसतो आणि त्या हळूहळू खराब होतात. त्याऐवजी इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेता कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवलेली बरी.

कॅसेटच्या आत नाण्याएवढा सेल असतो आणि साठवलेला खेळ त्याच्याच बळावर टिकतो. तीस वर्षांहून जुन्या कॅसेटमधला सेल संपलेला असू शकतो; म्हणून सुरुवातीलाच खेळ साठवून, कन्सोल एक दिवस बंद ठेवून, तो शिल्लक राहतो का ते पाहावे. सेल बदलायचा असल्यास सोल्डरिंगचा सराव असलेल्या कारागिराकडे द्यावा. मात्र जुना साठवलेला खेळ त्यात पुसला जातो. खेळ साठवण्याची जागा एकच असते, आणि कन्सोल बंद करताना रिसेटचे बटण दाबून धरूनच पॉवरचे बटण दाबावे.

आता खेळाकडे वळू. सहा प्रकारच्या योद्ध्यांमधून चार निवडायचे असतात. नवख्याने फायटर (तलवारबाज), ब्लॅक बेल्ट (हातांनी लढणारा), व्हाइट मेज (बरे करणारा जादूगार) आणि ब्लॅक मेज (हल्ला करणारा जादूगार) घ्यावेत, आणि फायटरला पहिल्या क्रमांकावर ठेवावे, कारण शत्रूचे साधारण निम्मे वार पहिल्यावरच येतात. हाती ४०० सुवर्णमुद्रा असतात. त्यांतून फायटरला चेन आर्मर, व्हाइट मेजला ‘क्युअर’ हा जखमा भरणारा मंत्र आणि ब्लॅक मेजला ‘फायर’ हा आगीचा मंत्र घ्यावा. विकत घेतलेले शस्त्र आपोआप हातात येत नाही, ते मेन्यूत जाऊन धारण करावे लागते. ही पायरी विसरून कित्येकांनी पहिलीच लढाई रिकाम्या हातांनी लढली असेल.

या खेळाची सगळ्यांत महत्त्वाची रीत लढाईतच कळते. दोन योद्ध्यांना एकाच शत्रूवर सोडले आणि तो पहिल्याच वाराने मेला, तर दुसऱ्याचा वार वाया जातो. तो आपोआप शेजारच्या शत्रूकडे वळत नाही. त्यामुळे कोणता शत्रू किती वारांत पडतो याचा अंदाज घेऊन वार वाटून द्यावे लागतात. मला या खेळातला खरा आनंद या हिशेबातच वाटतो.

राजकन्येला पळवून नेणाऱ्या गारलँड या योद्ध्याला हरवून तिची सुटका केल्यावर पूल बांधला जातो, पुढे प्रावोका या बंदरात चाच्यांना नमवल्यावर जहाज मिळते आणि एल्फलँड हे गाव गाठता येते. तिथून मुकुट आणायला मार्श केव्ह या गुहेकडे जाण्यापूर्वी घाई करू नये. ६० मुद्रांची ‘हील’ आणि ७५ मुद्रांची विषावरची ‘प्युअर’ ही औषधे भरपूर घ्यावीत. ती एकेक करूनच विकत घ्यावी लागतात, तरी कंटाळू नये. गुहेचा नकाशा आलेखवहीत काढत जावा. मुकुटाच्या पेटीजवळची लढाई टळत नाही, म्हणून ब्लॅक मेजची मंत्रशक्ती तिच्यासाठी राखून ठेवावी. मुकुट मिळताच पुढच्या खोल्या न धुंडाळता बाहेर पडावे, एल्फलँडच्या सरायीत मुक्काम करून खेळ साठवावा आणि मगच रिसेट दाबून धरत कन्सोल बंद करावा.