पियानोच्या बाई बदलल्या तेव्हा

आठव्या वर्षापासून मी एकाच बाईंकडे पियानो शिकत होते. नवीन पान समोर आलं की बाई ते आधी स्वतः वाजवून दाखवायच्या आणि मी ते ऐकून उचलायचे. माझा कान बरा होता, त्यामुळे मला नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, धड वाचता येत नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पंधराव्या वर्षी पाचव्या ग्रेडच्या मार्कलिस्टनं ते उघडं पाडलं.

एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश बोर्डाच्या त्या प्रॅक्टिकल परीक्षेला १५० गुण होते. तीन पीसना, म्हणजे तयार करून नेलेल्या रचनांना, प्रत्येकी ३०, स्केल्स आणि आर्पेजिओंना (स्वरांच्या क्रमाच्या सरावाला) २१, साइट रीडिंगला (आधी न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवण्याला) २१, ऑरलला (ऐकून ओळखण्याला) १८. पास व्हायला १००. माझे तिन्ही पीस झकास गेले होते. साइट रीडिंगला २१ पैकी ९. पास झाले, घरी कौतुकही झालं, पण तो ९ चा आकडा काही डोक्यातून जाईना.

कंटाळा आला म्हणून शिक्षक बदलू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कंटाळा नव्या शिक्षकाकडेही तीन महिन्यांत येतो. आपलं कुठे अडतंय हे आपल्याला कळलंय, ते शिक्षकांना सांगूनही झालंय आणि तरी क्लासमध्ये त्याला हात लागत नाही, असं झालं तर मात्र शोधाशोध सुरू करावी. यातली ‘सांगून झालंय’ ही पायरी मी गाळली. बाईंना वाईट वाटेल म्हणून चोरून दुसरीकडे एक ट्रायल लेसन घेतला. आठवड्याभरात त्यांना कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मला विचारलं असतंस तर मीच दोन नावं दिली असती.” मला तोंड वर करवेना. पुढच्या वेळी त्यांनी पानभर यादी लिहून हातात ठेवली: आतापर्यंत काय काय वाजवून झालं, कुठल्या स्केल्स कच्च्या आहेत, डावा हात कुठे मागे पडतो. साइट रीडिंगच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या. नव्या शिक्षकांकडे जाताना असा कागद मिळत असेल तर जरूर मागून घ्या. त्यांचा महिनाभराचा अंदाज बांधण्याचा वेळ वाचतो.

एकूण तीन ट्रायल लेसन झाले. पहिले सर मैफली करणारे. त्यांनी पाऊण तासातला अर्धा तास स्वतः वाजवलं आणि मी भारावून ऐकत राहिले. घरी आल्यावर आईनं विचारलं, “मग उद्या काय करायचंय?” मला सांगता येईना.

दुसरे ऑनलाइन शिकवणारे. माणूस फार चांगला, समजावण्याची हातोटीही होती. पण ऑनलाइन आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. शिवाय कॉलचं ॲप आवाज आपल्या मनानं सारखा करतं, म्हणजे मी हळू वाजवलं काय आणि जोरात वाजवलं काय, त्यांना जवळपास एकच ऐकू येत होतं. ऑनलाइनशिवाय इलाज नसेल तर ॲपमधलं मूळ आवाजाचं सेटिंग चालू करा आणि कॅमेरा बाजूनं, पट्ट्यांपेक्षा जरा वर लावा. चेहरा नाही दिसला तरी चालेल, पण मनगट दिसलं पाहिजे.

तिसऱ्या बाईंनी मला एक पीस पूर्ण वाजवू दिला, मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, “हा पीस ऐकलाय आधी?” मी हो म्हटल्यावर त्यांनी मी कधीच न पाहिलेल्या आठ बार, म्हणजे नोटेशनची आठ छोटी घरं, समोर ठेवल्या. “निम्म्या लयीत वाजव. चुकलं तरी थांबायचं नाही, मागं जाऊन दुरुस्त करायचं नाही.” मी सहा वेळा थांबले. त्यांनी मोजलं होतं! त्यांच्याकडून निघताना माझ्याकडे गृहपाठ होता: रोज चार ओळी, नव्या, सोप्या, आणि एक ओळ दुसऱ्यांदा वाजवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता मी पियानोवर बसले. ट्रायल लेसनचा निकाल माझ्या मते तिथे लागतो, क्लासच्या खोलीत नाही.

बाकी चौकशी आई-बाबांनी केली तरी चालते, पण तेव्हा तुम्ही तिथे असा. क्लास बुडला तर काय, परीक्षा द्यायचीच आहे का, कुठल्या बोर्डाची, घरी डिजिटल पियानो असेल तर चालेल का. पट्ट्यांना वजन असलेला, ८८ पट्ट्यांचा असेल तर बरीच मजल मारता येते. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटांना जोर कळत नाही. पालकांनी खोलीत बसलेलं चालेल का, हेही विचारा. त्यावर कुणी आढेवेढे घेतले तर तिथून सरळ उठा. आणि मनगट किंवा हात दुखत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. मी पाच आठवडे लपवलं, आणि कारण निघालं निव्वळ स्टुलाची उंची.

आता खरी कठीण गोष्ट. नव्या बाईंनी तीन महिने परीक्षेचं नावही काढलं नाही. हातात दिला बार्टोक या संगीतकाराच्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानोच्या पीसच्या संग्रहाचा पहिला भाग. एकूण १५३ पीस, सहा भाग, आणि सुरुवात कशानं, तर दोन्ही हातांनी एकच साधी ओळ वाजवायची. पाचवी ग्रेड झालेल्या मुलीला! मला अपमान वाटला. घरी येऊन रडलेही. मग बाईंनी चेर्नी या जुन्या पियानोवादकाची गोष्ट सांगितली. दहाएक वर्षांचा चेर्नी बेथोव्हनकडे शिकायला गेला तेव्हा मोझार्टची कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची मोठी रचना, वाजवत होता. तरी बेथोव्हननं पहिल्या काही धड्यांत त्याला फक्त स्केल्स वाजवायला लावल्या; हात कसा ठेवायचा, अंगठा कसा वापरायचा, एवढंच. पुढे याच चेर्नीकडे लहानगा लिस्ट, नंतरचा नामवंत पियानोवादक, आला, तेव्हा त्यालाही त्यानं तसंच मागं नेलं. गोष्टीनं माझं रडं थांबलं असं नाही, पण निदान पुस्तक उघडलं गेलं.

मागं नेणारे सगळेच शिक्षक बरोबर असतात असंही नाही. ‘का’ विचारल्यावर उत्तर मिळतं का, ते बघा. माझ्या बाईंनी सांगितलं होतं, “तुझे डोळे बोटांकडे जातात. ओळ इतकी सोपी पाहिजे की खाली बघायची गरजच पडू नये.”

चौथ्या महिन्यात बाख या संगीतकाराची दोन आवाजांची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन स्वतंत्र ओळींची, एक इन्व्हेन्शन आली. बाखनं अशा १५ इन्व्हेन्शन १७२३ मध्ये एकत्र केल्या त्या शिकणाऱ्यांसाठीच, दोन्ही आवाज स्वच्छ वाजवता यावेत म्हणून. बाई वरचा आवाज वाजवायच्या, मी खालचा, मग उलट. ऑनलाइन हे झालं नसतं.

सहाव्या ग्रेडला एक अट आडवी आली. एबीआरएसएमकडे सहावी द्यायची तर आधी पाचवीची थिअरी (संगीताच्या नियमांची परीक्षा) किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा पास असावी लागते. ट्रिनिटी या दुसऱ्या बोर्डाकडे अशी अट नाही. शिक्षक बदलताना बोर्डही बदलणार असेल तर हे आधीच बघून ठेवा. माझे चार महिने त्यात गेले.

सहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी जुन्या बाईंचा फोन आला. एकूण गुण त्यांनी विचारलेच नाहीत.

“साइट रीडिंगला किती?”

“सतरा.”

“बरं झालं,” म्हणाल्या, “आता तुझ्या बाईंचा नंबर दे. माझ्याकडे अजून एक जण आहे तुझ्यासारखा.”