थंड देशात नवीन आलात? डब्यावरच्या वेळेवर जाऊ नका

उष्ण मुलखातून आलेल्यांना कपडे, बूट घ्यायला सगळेच सांगतात. थंडीत रासायनिक क्रियाही मंदावतात, हे मात्र मला पहिल्या हिवाळ्यात कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

गॅरेजमध्ये 5 अंश तापमान होतं. तुटलेली कडी मी इपॉक्सीने चिकटवली. हा दोन ट्यूबांचा गोंद: एकीत राळ, दुसरीत ती घट्ट करणारा हार्डनर, दोन्ही मिसळून लावायचे. डब्यावर लिहिलेलं, 24 तासांत पक्की. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर गोंदाची तार सुटत होती! हार्डनर कमी पडला असं वाटून मी नव्याने जास्त हार्डनर घालून मिश्रण केलं, तर तो जोड कायमचा मऊ राहिला. हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं, ते कधीही बदलू नका. कमी पडली होती ती ऊब.

अशी वेळ बहुधा 20 ते 25 अंशांसाठी दिलेली असते. ढोबळ हिशोब असा: 10 अंश उतरले की वेग निम्मा. 25 वरून 5 वर आलात तर वेग पाव, म्हणजे एका दिवसाचं काम चार दिवसांवर जातं. प्रत्येक क्रियेचा आकडा वेगळा, पण अंदाजाला हा पुरतो.

यातलं कोडं मला आजही विलक्षण वाटतं. 25 वरून 35 अंशांवर जाणं म्हणजे, निरपेक्ष शून्यापासून मोजणाऱ्या केल्विन मापात, 298 वरून 308 वर. रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम 3 टक्के वाढते, मग वेग दुप्पट कसा? कारण रेणू नुसते आदळून भागत नाही, त्या धडकेत सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे क्रिया घडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, उंबरठा ओलांडण्याइतका जोर लागतो. तेवढा जोर असलेले रेणू मूठभरच असतात, आणि थोड्याशा उबेने त्यांचीच संख्या भराभर वाढते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये हेच गणितात मांडलं.

तेव्हा ट्यूबा आणि जोडायची वस्तू, दोन्ही आदल्या रात्री घरात आणून ठेवा. जोड पक्का होईपर्यंत वस्तू घरातच राहू द्या. घाई म्हणून एकाच कपात भरपूर मिश्रण मात्र करू नका. क्रियेतून उष्णता निघते, तिने वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता, आणि बघता बघता कप हातात धरवत नाही.

गाडीची बॅटरी गारठून मलूल पडली तर लगेच नवी घेऊ नका, आधी तपासून घ्या. ऊब मिळाली की तिची ताकद बरीचशी परत येते. विजेच्या सायकलीत किंवा ड्रिलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी मात्र चार्ज करताना जपा. ती शून्याखाली असताना चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. सायकलची किंवा ड्रिलची बॅटरी बाहेरून आणलीत की दोन-तीन तास खोलीत राहू द्या, मगच चार्जरला लावा.