हाडाची गाठ: सुई घालण्याआधी काय तपासायचं

बारा-पंधरा वर्षांचं पोर गुडघ्याच्या वर दुखतं म्हणतं, घरचे सांगतात खेळताना लागलं. तेवढ्यावर थांबू नका. बसल्या जागी दुखतं का, रात्री झोपमोड होते का, सूज वाढतेय का, हे विचारा. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी दोन बाजूंनी एक्स-रे, लगतचा सांधा धरून. गुडघा स्वच्छ दिसला तर खुब्याचाही काढा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. मालिश बंद.

फिल्म बघताना आधी वय, मग हाडातली जागा, मग कडा. १० ते २० वयात गुडघ्याजवळ, हाडाच्या रुंद टोकाकडे गाठ असेल तर ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कॅन्सर) डोक्यात ठेवा. मधल्या दांड्यात असेल तर युइंग सार्कोमा, हाही हाडाचा कॅन्सरच. २० ते ४०त अगदी सांध्यापर्यंत पोचलेली पोकळी बहुधा जायंट सेल ट्यूमर (सहसा कॅन्सर नसलेली, पण हाड पोखरणारी गाठ). चाळिशीनंतर दुसरीकडून आलेला कॅन्सर आणि मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर) आधी शोधा. गाठ कुठे संपते ते पेन्सिलने रेखता आलं तर बहुतेकदा ती सावकाश वाढणारी. कड विरघळल्यासारखी, हाडावरचं आवरण उचललेलं किंवा कांद्यासारखे थर दिसले तर घाई करा.

आपल्या विदर्भात सिकलसेल फार. त्यातला हाडाचा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग) किंवा जंतुसंसर्ग गाठीसारखा दिसतो, हाडाचा टीबीही. उलट युइंगमध्ये ताप येतो, ईएसआर (रक्तातली सूज-संसर्गाची खूण) वाढतो आणि संसर्ग समजून पोर महिनाभर अँटिबायोटिकवर राहतं. म्हणून रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी, ईएसआर, सीआरपी, अल्कलाइन फॉस्फटेज, एलडीएच, कॅल्शियमसोबत सिकलसेलची तपासणीही करा.

एमआरआय बायोप्सीच्या (सुईने गाठीचा नमुना काढण्याच्या) आधीच, आणि अख्ख्या हाडाचा. सुईनंतरचं रक्त चित्र गढूळ करतं, आणि त्याच हाडात दूरवर दुसरी छोटी गाठ असू शकते. छातीचा सीटी गाठ फुफ्फुसांत पसरली आहे का ते बघायला.

बायोप्सी शेवटी, आणि पुढचं ऑपरेशन करणाऱ्या टीमकडेच. चंद्रपूर-गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला पाठवायचंच असेल तर वाटेत कुणी सुई घालू नये. सुईचा मार्ग पुढे गाठीबरोबर कापून काढावा लागतो. हातापायावर आडवा छेद घेतला की वाचणारा पायही कधी जातो. नमुन्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये, दुसरा कल्चर आणि टीबीसाठी निर्जंतुक डबीत, फॉर्मलिनशिवाय. फॉर्मलिन लागलं की जंतू वाढत नाहीत.

गाठीतूनच हाड मोडलं असेल तर निदानाआधी आत रॉड टाकू नका, हाडाच्या अख्ख्या पोकळीत गाठीच्या पेशी पसरतात. प्लास्टरचा आधार द्या. पेशंटसोबत रिपोर्टच नाही, स्लाइड, ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आणि एमआरआयची सीडीही द्या.