एप्रिलमधली स्टाफरूम: आधी पाणी, मग वचन

नगरच्या एका मिशन शाळेत मी मराठी शिकवते. सकाळच्या प्रार्थनेचं काम माझ्याकडे आलं त्या पहिल्याच एप्रिलमध्ये, पत्र्याच्या हॉलमध्ये, मी बायबलमधल्या योना संदेष्ट्यावर वीस मिनिटं बोलले. सुकलेला वेल, पूर्वेचा भाजणारा वारा, सगळं अगदी रंगवून. मागच्या रांगेतले शिपाईकाका घेरी येऊन खाली बसले. पाळकसाहेबांनी नंतर एवढंच विचारलं, "बाई, वेल तुमच्या बोलण्यात होता, सावली कुठे होती?"

तेव्हापासून उन्हाळ्यात माझा आधार बायबलमधलं 1 राजे हे पुस्तक, अध्याय 19. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला बोध केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवून म्हणाला, ऊठ, खा. एलीया जेवून पुन्हा झोपला, तर दूत दुसऱ्यांदाही खाणंच घेऊन आला. "इथे काय करतोस?" हा प्रश्न त्याला पुढे होरेब डोंगरावर विचारला गेला, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

तुम्हालाही शाळेत दमलेल्या सहकाऱ्यांना धीर द्यायचा असेल तर क्रम हाच ठेवा. सकाळच्या शाळेत प्रार्थना तीन मिनिटांत आटपा. खरी गरज शाळा सुटल्यावर असते, पेपरांचे गठ्ठे समोर असतात तेव्हा. सगळ्यांना कडुलिंबाखाली किंवा व्हरांड्याच्या सावलीच्या बाजूला बोलवा. माठ आदल्या संध्याकाळी भरून ओलं फडकं गुंडाळून ठेवलेला असावा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. साखर चालत नाही त्यांना पातळ ताक. पेले स्वतः भरा, आणि पहिला पेला खिचडी शिजवणाऱ्या मावशींना द्या. आपण पंख्याखाली घाम पुसत असतो, त्या चुलीपाशी असतात. मुख्याध्यापकांचा नंबर शेवटी. (आमच्या सरांना हे पचायला एक उन्हाळा लागला.)

पेले रिकामे झाले की बायबलमधलं वचन, एकच. स्तोत्र 121 मला आवडतं. तिथे परमेश्वर आपल्या उजव्या हाताशी सावली होऊन उभा आहे, म्हणजे खडू धरतो त्याच बाजूला. योहान 4 सुद्धा चालेल. भर दुपारी दमलेला येशू विहिरीवर बसतो आणि अनोळखी बाईकडे पाणी मागतो. मागायला तो लाजला नाही. रजा मागायला लाजणाऱ्या शिक्षकांना हे मी मुद्दाम ऐकवते.

मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरारबाईंची गोष्ट मात्र इथे काढू नका. त्या 1827 मध्ये अमेरिकेतून मुंबईत आल्या, पुढे नगरमध्ये मुलींना शिकवत राहिल्या, आणि तेव्हा विजेचा पंखा नव्हता, हे सगळं खरं. पण दमलेल्या माणसाला दुसऱ्याची सोशिकता ऐकवली की त्याला टोमणाच वाटतो.

मग नावं घेऊन प्रार्थना. "सर्व शिक्षकवृंद" असं मोघम नको. कुणाच्या सासूबाई दवाखान्यात आहेत, कुणाचा पगार अडकलाय, हे आधी विचारून ठेवा. आमचा निम्मा स्टाफ ख्रिस्ती नाही, म्हणून सरबत सगळ्यांना आणि प्रार्थना ज्याला थांबायचं त्याला. उठून जाणाऱ्याकडे वळून पाहू नका.

एक गोष्ट प्रार्थनेवर सोडू नका. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर लगेच 108 ला फोन करा. तोवर सावलीत आडवं करून अंग ओलं करा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

1 मेला निकाल वाटून झाले की माठ घासून पालथा घालायचं काम माझं. यंदा मावशींनी तो आधीच घासून ठेवला होता.